मधुचंद्राच्या मुक्कामातील मासे: बाजारापासून ताटापर्यंत

मधुचंद्राच्या सहलीत प्रत्येक जेवण बाहेर घ्यायचे ठरवले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट कुरकुर करू लागते आणि खर्चाचा अंदाजही हमखास चुकतो. याउलट रोज घरीच रांधायचे म्हटले, तर सहलीला येऊन दोघांनी नेमके केले काय, असा प्रश्न उरतो. स्वयंपाकघराची सोय असलेली जागा भाड्याने घेतली असेल आणि मुक्काम आठवडाभराचा असेल, तर दोन किंवा तीन संध्याकाळी घरी मासे करावेत आणि बाकीची जेवणे बाहेर घ्यावीत, हे प्रमाण मला सर्वांत सोयीचे वाटते. पोहोचल्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आदल्या रात्री मासे शिजवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पहिल्या दिवशी दुकाने ठाऊक नसतात आणि शेवटच्या रात्री सामान आवरायचे असते. मासा हे कमी वेळात होणारे अन्न आहे. त्यासाठी लांबलचक पाककृती लागत नाही. लागते ती चोखंदळ खरेदी आणि थंडाव्याची काळजी. म्हणूनच या लेखात फोडणीपेक्षा बाजार आणि फ्रिज यांना अधिक जागा दिली आहे.

निघण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न जोडीदाराला विचारायचा. मासे आवडतात का, एवढे विचारून भागत नाही. काट्यांचा मासा चालतो की फक्त बिनकाट्याची तुकडी हवी, डोक्यासकट अख्खा मासा ताटात आलेला चालेल का, आणि लहानपणी कधी मासे किंवा कोळंबी खाऊन अंगावर गांध्या उठल्या होत्या का, हे स्पष्ट विचारावे. माशांची अ‍ॅलर्जी आणि कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींतील त्रासदायक प्रथिने निराळी असल्यामुळे एक असली म्हणजे दुसरी असेलच असे नाही. मात्र दोन्ही प्रकारांत प्रतिक्रिया तीव्र होऊ शकते. अशी अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांनी दिलेली औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि त्या ठिकाणच्या भाषेत ‘मला हे चालत नाही’ असे लिहिलेला कागद जवळ बाळगावा.

दुसरा प्रश्न जागेच्या मालकाला विचारायचा. चूल गॅसची आहे की विजेची, ओव्हन आहे का, झाकणाची कढई किंवा पातेले आहे का आणि फ्रीझर चालू स्थितीत आहे का, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. छायाचित्रात चकचकीत दिसणाऱ्या स्वयंपाकघरात अनेकदा एकच ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा आणि बोथट सुरी असते, याची मनाशी तयारी ठेवावी.

सोबत नेण्याचे सामान थोडकेच असावे: आपल्या आवडीचा कोरडा मसाला घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, काटे उपटण्यासाठी छोटा चिमटा, बेकिंग पेपरच्या दोन-तीन घड्या आणि तोंड बंद करता येणाऱ्या काही जाड पिशव्या. परदेशी जाणार असल्यास बिया, वाळवलेले पदार्थ किंवा घरगुती मसाले नेण्याचे नियम देशागणिक बदलतात, ते आधीच पाहून घ्यावेत. मीठ, तेल, लसूण, लिंबू आणि मिरपूड कुठेही मिळते. त्यासाठी बॅगेत जागा अडवू नये.

बाजारात मासा पारखणे

सकाळी लवकर जावे, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. पण आपण काय शिजवणार ते आधी ठरवून जाऊ नये, हा त्याहून महत्त्वाचा सल्ला आहे. विशिष्ट मासाच हवा असा हट्ट धरला, की तो शिळा असला तरी घेतला जातो. त्या दिवशी जो मासा सर्वांत ताजा दिसतो तो घ्यावा आणि त्याला साजेशी पद्धत घरी निवडावी.

अख्खा मासा पारखताना डोळे, कल्ले, पोट आणि वास या क्रमाने पाहावे. डोळे फुगीर आणि काचेसारखे स्वच्छ हवेत. आत बसलेले, धुरकट डोळे मासा जुना झाल्याचे सांगतात, जरी काही खोल पाण्यातील माशांचे डोळे वर काढल्याबरोबरच गढूळ होतात. म्हणून लगेच कल्ल्याचे झाकण बोटाने उचलावे: आत लालभडक किंवा गडद गुलाबी रंग आणि पातळ, पारदर्शक चिकटा असेल तर उत्तम, तपकिरी किंवा राखाडी रंग आणि दाट बुळबुळीतपणा असेल तर पुढच्या गाळ्याकडे वळावे. पाठीजवळच्या मांसल भागावर बोट दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. पोट सर्वांत आधी खराब होते, कारण आतड्यांतील पाचक रस मासा मेल्यानंतरही आपले काम करत राहतात. त्यामुळे पोट फुटलेला किंवा पिचपिचीत झालेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

ताज्या माशाला समुद्राच्या पाण्याचा मंद वास येतो. ज्याला आपण माशांचा उग्र वास म्हणतो तो प्रत्यक्षात शिळेपणाचा असतो: समुद्री माशांच्या शरीरात असलेल्या एका निर्गंध घटकाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून ट्रायमिथिलअमाइन नावाचा वास मारणारा पदार्थ तयार होतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावल्यावर आम्लामुळे हा पदार्थ हवेत उडणे कमी होते, म्हणून वास दबतो. शिळेपणा मात्र तसाच राहतो. गोड्या पाण्यातील काही माशांना येणारा मातकट वास निराळा असतो. तो जिओस्मिन नावाच्या संयुगामुळे येतो, त्याचा ताजेपणाशी संबंध नसतो आणि थोड्या आम्लात मुरवल्यास तो कमी होतो.

कापलेल्या तुकड्या घ्यायच्या असतील तर कडा सुकलेल्या किंवा पिवळट नाहीत, मांसाचे थर एकमेकांपासून सुटलेले नाहीत आणि तबकात पाणी साचलेले नाही, हे पाहावे. शिंपल्या घेताना तोंड घट्ट मिटलेल्या घ्याव्यात. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती मेलेली समजून बाजूला टाकावी. गोठवलेल्या माशाला नाक मुरडण्याचे कारण नाही. बोटीवरच पकडल्याबरोबर गोठवलेला मासा तीन-चार दिवस बर्फावर पडून राहिलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा अनेकदा सरस असतो. फक्त पाकिटात बर्फाचे जाड खडे साचलेले नसावेत, कारण ते मध्येच वितळून पुन्हा गोठल्याचे चिन्ह आहे.

दोघांसाठी किती घ्यावे? अख्ख्या माशाचा साधारण निम्माच भाग खाण्याजोगा असतो, म्हणून माणशी ३५० ते ४५० ग्रॅम. बिनकाट्याच्या तुकड्या असतील तर माणशी १५० ते २०० ग्रॅम. आणि शिंपल्या हेच मुख्य जेवण असेल तर दोघांत मिळून १ किलो पुरतात. खवले काढणे, पोट साफ करणे आणि कल्ले काढणे ही कामे विक्रेत्याकडूनच करून घ्यावीत. भाड्याच्या स्वयंपाकघरात खवले उडवत बसण्यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही, आणि ते भिंतीवरून दुसऱ्या दिवशीही निघत राहतात.

थंडाव्याची साखळी

बाजारातून थेट घरी यावे. मासे पिशवीत घेऊन किनाऱ्यावर फिरायला जाऊ नये. जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात, म्हणून कच्चा किंवा शिजवलेला मासा फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर तापली असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. विक्रेत्याकडून मासा आणि बर्फ वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावा व दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवावे.

फ्रिज ४ ते ५ अंशांवर असतो आणि माशाला खरे तर शून्य अंश हवे असतात. त्यावर उपाय सोपा आहे. खोलगट भांड्यात बर्फ पसरावा, त्यावर पिशवीत बंद केलेला मासा ठेवावा, वर आणखी बर्फ घालावा आणि हे भांडे फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे काही ओघळले तरी खालच्या फळांवर किंवा दुधावर पडणार नाही. बर्फाचे पाणी सकाळ-संध्याकाळ ओतून टाकावे. असे ठेवूनही कच्चा मासा एक-दोन दिवसांत संपवावा. सहलीत तर आणला त्याच संध्याकाळी शिजवावा. गोठवलेला मासा ओट्यावर न ठेवता आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये उतरवावा, आणि घाई असेल तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावा.

सुरी, मीठ आणि कोरडेपणा

सुरी बोथट असेल तर चिनी मातीचा कप उपडा करावा. त्याच्या बुडाला चकाकी न दिलेली जी खरखरीत कड असते, तिच्यावर सुरीचे पाते साधारण वीस अंशांच्या कोनात, एकाच दिशेने, दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढावे. धार कायमची येत नाही, पण दोन तुकड्या नीट कापण्यापुरती निश्चित येते. कापण्यापूर्वी पाते धुऊन पुसावे.

मासा नळाखाली जोराने धुऊ नये, कारण उडणारे शिंतोडे ओट्यावर आणि धुतलेल्या भांड्यांवर जातात. आत राहिलेले रक्त, विशेषतः कण्याला चिकटलेली काळपट रेघ, अंगठ्याने खरवडून काढावी. कडू चव बहुधा तिथूनच येते. मग कागदी रुमालाने मासा आतून-बाहेरून टिपावा. मीठ पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे, सुटलेले पाणी पुन्हा टिपावे आणि मगच मसाला लावावा. लिंबाच्या रसात मात्र वीस मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नये, कारण आम्ल प्रथिने घट्ट करते आणि मासा शिजण्यापूर्वीच भुसभुशीत होतो. लिंबाने मांस पांढरे दिसू लागते म्हणजे ते शिजले असे नव्हे. आम्लाने जंतू आणि कृमी खात्रीने मरत नाहीत.

शिजवण्याच्या तीन पद्धती

माशाचे स्नायुतंतू आखूड असतात आणि त्यांना बांधणारे पडदे पातळ असल्यामुळे ते कमी उष्णतेतच विरघळतात. म्हणून मासा मिनिटांत शिजतो आणि तितक्याच लवकर कोरडाही पडतो. सर्वांत जाड भागापाशी २.५ सेंटिमीटर जाडीला एकूण सुमारे १० मिनिटे, हा ढोबळ नियम आरंभाला पुरतो. पण मी आठ मिनिटांनीच तपासायला लागतो. सुरीचे टोक जाड भागात खुपसून हलकेच फिरवावे: थर सुटे झाले आणि मधला काचेसारखा पारदर्शकपणा गेला, की मासा झाला. तापमापक असेल तर आतले तापमान ६३ अंश सेल्सिअस असावे.

पहिली पद्धत कातडीसकट तुकडी तव्यावर भाजण्याची. पोलादी तवा असेल तर आधी तवा तापवावा, मग तेल घालावे आणि तेल लहरू लागेपर्यंत थांबावे. नॉनस्टिक तवा असेल तर तो रिकामा, मोठ्या आचेवर कधीही तापवू नये. पूर्ण कोरडी केलेली तुकडी कातडीची बाजू खाली करून ठेवावी आणि लगेच उलथन्याने दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी. उष्णतेने कातडी आक्रसते आणि तुकडीच्या कडा वर उचलल्या जातात. या पहिल्या दाबामुळे ती सपाट राहून सगळीकडे सारखी कुरकुरीत होते. त्यानंतर तिला हात लावू नये. चिकटलेला मासा ओढून काढण्याची घाई नडते. कातडी भाजली गेली, की ती आपोआप तवा सोडते. कडेने पाहत राहावे. मांसाचा रंग खालून वर पांढरा होत जातो. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकडीत तीन-चार मिनिटांत तो दोन तृतीयांशांच्या वर पोहोचतो. तेव्हा उलटून दुसऱ्या बाजूने जेमतेम एक मिनिट ठेवावे. शेवटी आच बंद करून लोण्याचा खडा आणि ठेचलेली लसूण तव्यातच सोडावी व तो रस चमच्याने वरून ओतावा. लसूण सुरुवातीपासून घातली तर ती करपते.

दुसरी पद्धत कागदाच्या पुडीत शिजवण्याची. ओव्हन असलेल्या जागेत मी हीच सुचवेन, कारण वास पसरत नाही, भांडी घासावी लागत नाहीत आणि प्रत्येकाची पुडी आपापल्या चवीची करता येते; एकाला तिखट हवे आणि दुसऱ्याला नको, हा वाद त्यात मिटतो. ओव्हन २०० अंशांवर तापवून ठेवावा. बेकिंग पेपरच्या मोठ्या तुकड्यावर पातळ चिरलेला कांदा, टोमॅटो किंवा पालेभाजी, त्यावर मासा, थोडे तेल आणि लिंबाची चकती ठेवून कडा दुमडत घट्ट बंद कराव्यात. बटाटा किंवा गाजर घालायचे असेल तर ते आधी उकडून घ्यावे, कारण मासा शिजतो तेवढ्या वेळात ते शिजत नाहीत. पुडी बारा ते पंधरा मिनिटे ठेवावी. नुसती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असेल तर लिंबू-टोमॅटो तिला थेट लागू देऊ नयेत. आम्लाशी तिची प्रक्रिया होऊन चवीला धातूची झाक येते. ओव्हन नसल्यास हीच पुडी ताटलीत ठेवून झाकणाच्या पातेल्यात वाफवता येते.

तिसरी पद्धत रश्श्याची. रस्सा आधी पूर्ण शिजवून, मीठ-आंबट जमवून घ्यावा आणि मासा सर्वांत शेवटी सोडावा. मासा सोडल्यावर खळखळ उकळी येऊ देऊ नये, कडेने बुडबुडे फुटतील इतकीच आच ठेवावी. डावाने ढवळू नये. भांडे दोन्ही कानांनी धरून हलकेच गोल फिरवावे, म्हणजे तुकड्या मोडत नाहीत. सहा ते आठ मिनिटे पुरतात.

कोळंबीचे काम त्याहूनही झटपट होते: दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी आणि अपारदर्शक होऊन अर्धगोल वळते, पूर्ण वेटोळे झाले म्हणजे जास्त शिजली. वाळूतल्या शिंपल्या लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या थंड पाण्यात तासभर ठेवाव्यात, म्हणजे त्या वाळू टाकतात. साध्या पाण्यात ठेवल्यास त्या मरतात. नंतर झाकण लावून मोठ्या आचेवर चार ते सहा मिनिटे शिजवाव्यात आणि न उघडलेल्या फेकून द्याव्यात.

बाहेर जेवताना

मेनूकार्ड उघडण्याआधी ‘आज कोणता मासा आला आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर नेमके आले तर ठीक. सगळेच ताजे आहे असे सांगितले गेले, तर साधा शाकाहारी पदार्थ मागवण्यात शहाणपण आहे. अख्खा मासा वजनावर विकला जात असेल तर तो शिजवण्यापूर्वी समोर तोलून घ्यावा आणि एकूण रक्कम तेव्हाच विचारावी. बिल आल्यावर दोघांच्या चेहऱ्यांवर उमटणारे भाव त्यामुळे टळतात. मोठे जेवण दुपारी आणि हलके रात्री ठेवले तर झोपही नीट लागते. बोटीतून फिरायला जाण्याआधी मात्र भरपेट मासे खाऊ नयेत.

बुफेमध्ये कोमट झालेला मासा घेऊ नये. तो वाफाळता तरी हवा, नाहीतर बर्फावर तरी. कच्चा मासा खायचाच असेल तर कृमी मरण्यासाठी तो उणे २० अंशांना सात दिवस गोठवलेला असावा, आणि असे पदार्थ रोज करणाऱ्या ठिकाणीच खावा. कच्ची कालवे मी मधुचंद्रात तरी टाळावीत असेच म्हणेन: त्यांतून व्हिब्रिओ जिवाणू आणि नोरोव्हायरस यांचा संसर्ग होऊ शकतो, आणि यकृताचा आजार असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो.

शिजवूनही न जाणारे धोके

ट्यूना, बांगडा, तारली अशा गडद मांसाच्या माशांना पुरेसा थंडावा मिळाला नाही, तर त्यांत हिस्टामिन साठते आणि ते कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. जिभेला मिरी लागल्यासारखी चुणचुण जाणवली तर घास तिथेच थांबवावा. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे काही मिनिटांपासून तासाभरात दिसतात आणि लोक त्यालाच अ‍ॅलर्जी समजतात. उष्ण कटिबंधातील प्रवाळ बेटांवर दुसरी काळजी घ्यावी लागते. तिथल्या मोठ्या शिकारी माशांत, म्हणजे बॅराकुडा, मोरे ईल, मोठा ग्रूपर किंवा स्नॅपर यांत, सूक्ष्म शैवालातून आलेले सिग्वाटेराचे विष साठू शकते. त्याला रंग, वास किंवा चव नसते. थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागणे हे त्याचे चमत्कारिक लक्षण आहे. अशा ठिकाणी लहान आकाराचे मासे निवडावेत आणि स्थानिक लोक जो मासा खात नाहीत तो आपणही खाऊ नये. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांकडे जावे व काय खाल्ले ते सांगावे.

लवकरच मूल हवे असा विचार असेल तर शार्क, तलवारमासा, मार्लिन आणि बिगआय ट्यूना हे पारा साठवणारे मोठे मासे स्त्रीने टाळावेत. तारली, सामन, कोळंबी यांत पारा कमी असतो.

घशात काटा रुतला तर कोरड्या भाताचा किंवा पोळीचा घास गिळून तो ढकलण्याचा प्रयत्न करू नये, कारण काटा अधिक खोल जाऊ शकतो. सौम्य खोकून पाहावे आणि टोचणे थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी तत्काळ सुरू करावे: १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजलेले. जुलाबात रक्त दिसले किंवा ताप चढला तर घरगुती उपायांवर थांबू नये.

वास आणि केरकचरा

मासे तळण्यापूर्वीच खिडकी उघडावी आणि शयनगृहाचे दार बंद करावे. नंतर केलेले उपाय निम्मेच लागू पडतात. कपडे आणि टॉवेल त्या खोलीतून आधीच हलवावेत. जेवण झाल्यावर भांडी प्रथम थंड पाण्याने धुवावीत, कारण गरम पाण्याने माशाची प्रथिने भांड्याला घट्ट चिकटतात. साबण आणि गरम पाणी त्यानंतर. हाताला वास राहिला तर लिंबाची साल चोळावी. डोके, काटे आणि कातडी कचऱ्याच्या डब्यात टाकून दोन दिवस ठेवली तर सारे घर घमघमते. त्यापेक्षा ती जाड पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि कचरा उचलण्याच्या दिवशी सकाळी बाहेर काढावीत. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘कचरा’ असे लिहावे, आणि तो दिवस येण्याआधीच निघायचे असेल तर ती कुठे टाकायची ते मालकाला विचारून घ्यावे.